आधी इमारत बघा, मग लाद्या निवडा

घर दुरुस्त करून इथेच राहायचं की विकून दुसरीकडे जायचं, हा विषय ठाण्यातल्या कुठल्याही घरात निघाला की बोलणं लगेच मॉड्युलर किचन आणि टाइल्सवर जातं. त्याआधी एकदा गच्चीवर जाऊन या आणि सोसायटीच्या कपाटातल्या फायली काढायला लावा, असं मी हल्ली भेटेल त्याला सांगते.

आम्ही नौपाड्यात राहतो. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, इमारत चाळिशी ओलांडलेली. आमच्या बाथरूमची गळती खालच्यांच्या छताला लागलेली, पाण्याचे जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप आतून गंजलेले, वायरिंग घरात एसी येण्याआधीच्या काळातलं. काहीतरी करणं भागच होतं.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून मजबुतीची तपासणी, व्हायला हवं. त्या अहवालात इमारत कुठल्या वर्गात बसवली आहे, त्यावर सगळं ठरतं. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे माणसं राहत असताना दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ काम. अहवाल न वाचताच लोक आयुष्याची पुंजी फॉल्स सीलिंगमध्ये घालतात, तेव्हा जीव तुटतो. आमची इमारत सी-२बी निघाली आणि अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

उरलेला अर्धा पुनर्विकासाचा. नौपाडा, पाचपाखाडीत फिरलं की जागोजागी पत्रे ठोकलेले दिसतात, त्यामुळे ‘आपलीही जाईलच की दोन वर्षांत’ असं प्रत्येक जिन्यावर ऐकू येतं. पण जमीन सोसायटीच्या नावावर आहे का? बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर करून, दिलं नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय ती मालकी मिळवण्यासाठी, अर्ज केला आहे का? समोरची गल्ली ९ मीटर रुंद भरते का? कारण टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) आणि वाढीव बांधकाम बरंचसं त्यावर अवलंबून असतं. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालच्या २०१९च्या निर्देशांप्रमाणे पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, पण संमती ही फार पुढची पायरी आहे. आमच्याकडे कन्व्हेयन्सच झालेलं नाही. म्हणजे पुनर्विकास अजून लांब आहे, आणि तोवर गळत्या बाथरूममध्ये राहायची आमची तयारी नाही.

धाकटे दीर घोडबंदर रोडला, कासारवडवलीत राहतात. लिफ्ट आहे, गाडीला जागा आहे, मुलांना खेळायला मोकळी जागा आहे. ते प्रेमानेच म्हणतात, ‘वहिनी, सोडा आता ते नौपाडं.’ त्यांचं चूक नाही. पण हिशेब करून बघा. १ कोटीचं घर बांधकाम सुरू असताना घेतलं तर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ७ लाख, ५ टक्के जीएसटी म्हणजे ५ लाख, नोंदणीचे ३० हजार. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण झाली, राहायला हरकत नाही असा पालिकेचा दाखला) मिळालेल्या घराला जीएसटी लागत नाही. तरी दलाली, सामानाची हलवाहलव आणि नव्या घरातलं फर्निचर वेगळंच. हे पैसे भिंतीत दिसत नाहीत, म्हणून कुणी मोजत नाही.

आणि सासूबाई. त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘तुम्ही न्याल तिथे मी येईन गं, पण तिथे खाली उतरून जायचं कुठे?’ इथे त्या सकाळी तलावपाळीला फेरी मारतात, येताना भाजी घेतात, डॉक्टर चालत गाठतात, गडकरी रंगायतनला नाटक असेल तर मैत्रिणींबरोबर जातात. त्यासाठी त्यांना कुणाची गाडी लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. पंचाहत्तरीतल्या बाईचं हे स्वातंत्र्य मला स्विमिंग पूलपेक्षा मोठं वाटतं.

जिना हा मात्र खरा मुद्दा आहे, तो मी टाळत नाही. दुसऱ्या बाजूलाही कठडा बसवायला सोसायटी तयार झाली आहे. उद्या गुडघ्यांनी अगदीच साथ सोडली तर आमचा ब्लॉक भाड्याने देऊन जवळच तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या इमारतीत भाड्याने राहू. घर न विकताही हलता येतं, हा पर्याय लोक विचारातच घेत नाहीत.

म्हणून आम्ही राहतोय, आणि पुनर्विकासात वाया जाईल असं शोभेचं काही करत नाही. पाइप सीपीव्हीसीचे (न गंजणारं प्लास्टिक), बाथरूमचं वॉटरप्रूफिंग पार कोब्यापासून, न घसरणाऱ्या लाद्या, भिंतीला धरायच्या दांड्या, वायरिंग सगळं नवीन आणि त्यावर ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. जुन्या लाद्यांवर नव्या बसवा, तोडकाम वाचेल, असं एका कंत्राटदाराने सुचवलं. मी नाही म्हटलं. चाळीस वर्षांच्या स्लॅबवर तेवढं ओझं प्रत्येक घराने चढवलं तर काय होईल? फर्निचरही सुटं घेणार, उद्या उचलून नेता येईल असं.

गणपती झाले, पाऊस ओसरला की काम काढणार आहोत. त्याआधीच्या सर्वसाधारण सभेत डीम्ड कन्व्हेयन्सचा विषय मी मांडणार आहे. नौपाड्यात किंवा आसपास कुणाच्या सोसायटीने ते करून घेतलं असेल तर कुठल्या कागदावर गाडी अडली आणि तो कसा मिळवला, तेवढं नक्की कळवा.