या प्रिंटरवर तुमचा विश्वास आहे का?

आमचं ऑफिस नाशकात सातपूरला, कारखाना अंबडला आणि मी बहुतेक वेळा दोघांच्या मधे, लिंक रोडवर, स्कूटरवर. हुद्दा सिस्टीम अ‍ॅडमिनचा. काम विचाराल तर पासवर्ड टाइप करणे. बारा अक्षरं बडवायची, एंटर दाबायचं आणि परत फिरायचं. सत्यनारायणाच्या गुरुजींना निदान शिरा तरी मिळतो.

परवा सकाळी अंबडहून अकाउंट्सच्या काकूंचा फोन.

"अरे, ट्रक भरून उभाय. ई-वे बिल झालंय, पण इनव्हॉइस निघेना. हा मलाच काहीतरी विचारतोय."

"काय विचारतोय?"

"या प्रिंटरवर तुमचा विश्वास आहे का."

"मग?"

"मी नाही म्हटलं. खोटं कशाला बोलू?"

काकूंचं काही चुकलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी मीच सर्व्हरवरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) 'जरा' अपडेट केला होता. सर्व्हरकडे नवा, काकूंकडे जुना; पत्रिका जुळेना. मग विंडोज अ‍ॅडमिनला बोलवा म्हणून अडून बसतं. पूर्वी एवढं सोवळं नव्हतं. पण 2021 च्या जुलैत 'प्रिंटनाइटमेअर' प्रकरण गाजलं. प्रिंट स्पूलरमध्ये, म्हणजे विंडोजच्या छपाईची रांग सांभाळणाऱ्या भागात, असं भगदाड, की ड्रायव्हरच्या नावाखाली भलतंच काही मशीनमध्ये घुसवता यायचं. ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने दार लावून घेतलं: ड्रायव्हर बसवायचा तर अ‍ॅडमिनच हवा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, एका ठिकाणी शून्य टाकलं की हा नियम गप्प बसतो. पण मग भगदाडही पुन्हा उघडं. (शून्य टाकायचा मोह मला महिन्यातून दोनदा होतो, बहुधा पावसाळ्यात.)

"मग पासवर्ड सांगून टाक ना. मी काय चोर आहे?"

मागे एकदा घाईत स्टोअरवाल्या भाऊंना फोनवर सांगितला होता. आठवड्याने गेलो, तर मॉनिटरवर सप्तशृंगीच्या फोटोखाली स्केचपेनने ठळक लिहिलेला. शेजारी हळदकुंकू.

"पासवर्ड कुणालाच देत नाही, काकू. मीच येतो."

पोचलो तोवर ट्रकवाला गेटबाहेर दुसऱ्या मिसळीवर होता. बारा अक्षरं टाइप केली, इनव्हॉइस निघालं, ट्रक कसाऱ्याच्या दिशेने गेला.

त्या रात्री मात्र मी इरेला पेटलो. ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सगळ्या मशीनना एकदम नियम लावायच्या सोयीतून, स्टार्टअप स्क्रिप्ट लावली. मशीन चालू होतानाच, कुणी लॉगिन करायच्या आत, ड्रायव्हर गुपचूप बसणार. तोच ड्रायव्हर सर्व्हरवरही असला की विश्वासाचा प्रश्नच उरत नाही. सकाळी सगळ्यांचे प्रिंटर जोडलेले. एकच मशीन सोडून.

"काकू, रात्री कॉम्प्युटर बंद केला होता ना?"

"रोजच करते की!" म्हणत त्यांनी मॉनिटरचं बटण दाबून दाखवलं. स्क्रीन काळी झाली. खाली डबा घुर्र घुर्र करत होता, बहुधा दिवाळीपासून.

रीस्टार्ट केला. प्रिंटर बिनपासवर्डचा जोडला गेला. मी ऐटीत टेस्ट पेज सोडलं. लाल दिवा. कागद संपलेला.

"कपाटात रिम आहे," काकू म्हणाल्या.

"किल्ली द्या, मी काढतो."

"किल्ली कुणालाच देत नाही, बाबा. थांब, चहा झाला की मीच येते."