पोस्टमनला शिव्या घालण्याआधी पाकिटावर काय लिहिलं होतं ते सांगा

दर दोन-चार महिन्यांनी आमच्या नाणीवाल्यांच्या ग्रुपवर कोणीतरी रडत येतंच. परदेशातून काहीतरी मागवलेलं असतं, जुनं नाणं, नोट, शंभर वर्षांपूर्वीचं शिक्का मारलेलं पाकीट, आणि ते पोचलेलं नसतं. मग लगेच सगळे सुरू, कस्टमवाल्यांनी ढापलं, पोस्टमनने ढापलं, आपल्याकडे हे असंच चालायचं, वगैरे वगैरे. आज सविस्तर लिहूनच टाकतो, ज्याला राग यायचा त्याला येऊ दे. वस्तू हरवतात, चोरीला पण जातात, नाही कोण म्हणतंय. पण हरवल्यावर आपल्या हातात भोपळा का येतो, त्याचं कारण बहुतेक वेळा आपणच हट्टाने त्या पाकिटावर लिहून घेतलेलं असतं.

आणि कोकणातल्या माणसाने उठसूट पोस्टमनला चोर म्हणणं मला तर झेपतच नाही. अख्खी रत्नागिरी मुंबईच्या मनीऑर्डरवर जगलीय राव. 1880 ला पोस्टाची मनीऑर्डर सुरू झाली, गिरणीतला माणूस महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवायचा आणि इकडे भर पावसात ओढे ओलांडून पोस्टमन ते म्हातारीच्या हातात मोजून द्यायचा, वर पत्र पण वाचून दाखवायचा. असो, विषय तो नाही.

आता गुरुजींचंच घ्या. (त्यांना विचारून लिहितोय, नाव घालू नको म्हणाले.) रिटायर्ड माणूस, थिबा राजावर भयंकर जीव. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये गादीवरून उतरवलं, 1886 ला रत्नागिरीत आणून ठेवलं, 1910 मध्ये त्याच्यासाठी तो राजवाडा बांधून झाला आणि 1916 साली बिचारा इथेच गेला, समाधी पण इथेच. तर गुरुजींचं म्हणणं, आपण थिबाच्या गावात राहायचं आणि आपल्याकडे त्याच्या देशाचं मोराचं नाणं नाही म्हणजे काय! चांदीचं नाणं, साधारण आपल्या जुन्या रुपयाच्याच वजनाचं, एका बाजूला पिसारा फुलवलेला मोर आणि मागे पानाफुलांच्या वेढ्यात बर्मी अक्षरं. वर्ष 1214, त्यांच्या सनाचं, म्हणजे आपलं 1852, थिबाचा बाप मिंडोन गादीवर आला तो काळ. खरी गंमत पुढेच आहे, मंडालेच्या टांकसाळीत ही नाणी पडायला लागली 1865 पासून, बर्मिंगहॅमहून आणलेल्या यंत्रांवर, पण नाण्यावर वर्ष मात्र तेच जुनं. गुरुजी हे सांगायला बसले की समोरच्याचा चहा थंड होतो.

असं एक मोराचं नाणं, चांगल्या कंडिशनचं, इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडे सापडलं. पंधराएक हजाराचा व्यवहार. पैसे भरले लंडनच्या भाच्याने, डायरेक्ट बँक ट्रान्सफर, कारण वेबसाइटवरून घेतलं तर थोडं महाग पडत होतं. आणि ग्रुपवरच्या दोन दीडशहाण्यांनी सल्ला दिला, गुरुजी त्याला सांगा गिफ्ट लिही म्हणावं आणि व्हॅल्यू पाच पाउंड टाक म्हणावं, म्हणजे कस्टम लागत नाही. विक्रेत्याने आधी नको म्हटलं, मग गिऱ्हाईकच म्हणतंय म्हणून लिहिलं: धातूचं टोकन, गिफ्ट, पाच पाउंड.

पाकीट निघालं, ट्रॅकिंगवर इंग्लंडमधून बाहेर पडल्याची नोंद दिसली, आणि त्यानंतर काहीच नाही. कुठे गेलं, तिकडे राहिलं, वाटेत गेलं की इकडे येऊन गेलं, कोणालाच माहीत नाही. मी तरी कोणावर आळ घेणार नाही.

पण पुढचं ऐका. परदेशी रजिस्टर टपाल हरवलं की चौकशीचा अर्ज मुळात पाठवणाऱ्याने त्याच्या देशातल्या पोस्टात करायचा असतो, टपाल टाकल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आपण इकडे काउंटरवर कितीही आरडाओरडा केला तरी भरपाईचा पहिला हक्क पाठवणाऱ्याचा. आणि साध्या रजिस्टर टपालाच्या भरपाईला आंतरराष्ट्रीय टपाल संघाने हद्द घालून ठेवलीय, 30 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे ढोबळ मानाने साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. त्यात तुमच्या वस्तूची किंमत पाकिटावर पाच पाउंड. मग किती मिळणार? विक्रेता बिचारा सज्जन, त्याने क्लेम केला, त्याला मिळाले पाच पाउंड आणि टपालखर्च, ते त्याने इमानदारीत भाच्याला पाठवले. गुरुजींच्या घरच्या काकू म्हणाल्या, चला, एका वेळच्या कोलंबीचे तरी सुटले.

आणि ते गिफ्टचं खूळ एकदाचं डोक्यातून काढा हो. भेट म्हणून पोस्टाने-कुरियरने येणाऱ्या वस्तूंना पाच हजारापर्यंत जी सूट होती ती डिसेंबर 2019 मध्येच गेली. राहिली फक्त जीव वाचवणाऱ्या औषधांना आणि राखीला. हो, राखीला! तुमचं मोराचं नाणं राखी असेल तर लिहा गिफ्ट. म्हणजे खोटं लिहून कस्टम हमखास वाचतं असंही नाही, वस्तू अडकली तर बिल दाखवा म्हणतात, बिलावर वेगळा आकडा, पाकिटावर वेगळा, मग बसा मेल करत. आणि हरवली तर भरपाई त्या खोट्या आकड्याची. यात शहाणपण कुठाय ते मला कोणीतरी समजावून सांगा.

दुसरं म्हणजे, नाणी, नोटा, सोनं-चांदी साध्या पत्रात घालायचीच नाहीत असा टपाल संघाचा नियम आहे. विमा उतरवलेल्या टपालात घाला, किंवा पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही देशांचा कायदा चालवून घेत असेल तर रजिस्टरमध्ये. साध्या पाकिटात चांदीचं नाणं टाकून पाठवणारा विक्रेता 'फ्री शिपिंग' म्हणून मिरवत असला तरी भरपाई मागायला त्याच्याकडे तोंडच नसतं. त्यात नाणं पाकिटात नुसतं सुटं असेल तर चोर कशाला पाहिजे, टपाल वेगळं करणाऱ्या मशीनच्या रोलरमधून जाताना ते कागद फाडून स्वतःच बाहेर पडतं आणि तुमच्या दारात येतं रिकामं पाकीट. जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत चारी बाजूंनी टेप मारून बसवलेलं, बाहेरून कसलाही आवाज न येणारं, आणि वर दुकानाचं 'कॉइन्स' असं नाव न छापलेलं पाकीट असावं, हे विक्रेत्याला आधी सांगायला काय पैसे पडतात?

लोक म्हणतात विमा परवडत नाही. अरे, होप डायमंड माहितीय ना, आपल्या गोवळकोंड्याकडचा, तो निळा हिरा? 1958 साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियमला दिला तो चक्क रजिस्टर टपालाने पाठवून. एकूण खर्च 145 डॉलर 29 सेंट. त्यातलं टपाल किती? 2 डॉलर 44 सेंट. बाकी सगळा विमा. दहा लाख डॉलरचा. त्या माणसाने पैसे कुठे घालायचे ते बरोबर ओळखलं होतं, आणि आपण पंधरा हजाराच्या नाण्यावर हजार रुपये वाचवतो!

पैसे भरायचं पण तेच. कार्डाने किंवा पेपॅलने भरलं तर तक्रार करायला जागा राहते, पेपॅलवर पैसे भरल्यापासून 180 दिवस. पण विक्रेता म्हणतो थोडी वाट बघा, इंडियाला उशीर होतोच, आपण भिडेखातर थांबतो, पाऊस संपतो, गणपती होतात, दिवाळी येते आणि मुदत गेलेली असते. भीड कसली, तक्रार टाकून ठेवा, पाकीट आलं तर मागे घ्या. भाच्याच्या बँक ट्रान्सफरला तर तेवढीही सोय नाही.

पत्त्याबद्दल पण बोलायलाच पाहिजे, कारण कोकणातले पत्ते म्हणजे काय विचारू नका. मु. पो. अमुक, वरची वाडी, गणपतीच्या देवळामागे, तमक्यांच्या कलमांच्या बागेजवळ, ता. जि. रत्नागिरी. हे तिकडच्या लेबल छापणाऱ्या प्रोग्रामला दिलं की तो पस्तीसेक अक्षरांवर कचकन तोडतो आणि उरतं 'गणपतीच्या देवळामा'. कोकणात गणपतीची देवळं किती! पिन कोड आणि मोबाइल नंबर पहिल्या दोन ओळींत यायलाच हवेत. आमच्या भागात पाकीट पोचतं ते पोस्टमनच्या एका फोनवर, तुमच्या त्या देवळामागच्या वर्णनावर नाही.

आणि एक, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. वस्तू आली पण वेगळीच निघाली, किंवा नकली वाटली, तर विक्रेता म्हणतो परत पाठवा, पैसे देतो. शंभर वर्षांवरचं खरं नाणं देशाबाहेर पाठवणं म्हणजे 1972 च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यात येतं, परवानगीशिवाय चालत नाही. म्हणजे आणणं सोपं, परत करणं अवघड. त्यामुळे फोटो आधीच नीट मागवा, दोन्ही बाजूंचे, कडेचा, वजनकाट्यावर ठेवलेला. वजन, व्यास लिहून घ्या. हरवलंच तर निदान उद्या तेच नाणं कुठल्या लिलावात दिसलं तर ओरखड्यांवरून ओळखता तरी येईल. चोरीचं नाणं कुठेतरी विकायला येणारच ना.

गुरुजींना आता दुसरं मोराचं नाणं दिसलंय, या वेळी एका लिलावात. खरी किंमत लिहून, विम्यासकट, कस्टम भरून साधारण किती होतंय ते मी त्यांना कागदावर मांडून दिलं. त्यांनी चष्मा पुसला, आकडा परत बघितला आणि म्हणाले, विमा अर्ध्या किमतीचा नाही का रे चालणार? तेव्हापासून आमचं भांडण चालू आहे, लिलाव रविवारी आहे, ग्रुपवरच्या त्या दोन दीडशहाण्यांनी तोपर्यंत कृपा करून गुरुजींना फोन करू नये.