डॉली पार्टनला लोभी म्हणण्याआधी एवढं वाचा

आत्याने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, "बाई किती लोभी बघा." फॉरवर्डचं म्हणणं असं की 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे खरं पॉप गायिका व्हिटनी ह्यूस्टनचं गाणं, अमेरिकन गायिका-गीतकार डॉली पार्टनने ते मेलेल्या प्रियकरावर लिहिलं पण तिच्या आवाजात ते पडलं, आणि खुद्द रॉक अँड रोलचा राजा एल्विस प्रेस्ली गायला तयार असताना हिने पैशाच्या हावेपायी नाही म्हटलं.

हावेचं आधी घेते, कारण ते वाचून सगळ्यात जास्त राग आला. एल्विसला गाणं आवडलं होतं हे खरंय. पण त्याचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर म्हणाला की गाण्याचे अर्धे पब्लिशिंग हक्क द्या, तरच एल्विस गाणार. म्हणजे ज्याने एक ओळही लिहिली नाही त्याच्याकडे पुढे कोणीही ते गाणं गायलं तरी पब्लिशिंगचे अर्धे पैसे जाणार, आणि हे मागणं अशा गाण्यासाठी की जे आधीच कंट्री चार्टवर (अमेरिकेतल्या 'कंट्री' प्रकारच्या गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत) पहिलं आलेलं! डॉली नाही म्हणाली आणि रात्रभर रडली, हे ती स्वतःच सांगते. याला हाव म्हणायचं? आपल्याकडे गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क कायद्यात पक्का व्हायला 2012 उजाडलं, तेव्हा जावेद अख्तर भांडले ते बरोबर आणि हिने स्वतःचं लिहिलेलं सांभाळलं तर ही लोभी?

मेलेला प्रियकर वगैरे काही नाही. 1967 पासून ती कंट्री गायक पोर्टर वॅगनरच्या टीव्ही शोमध्ये गायची, त्यानेच तिला नाव मिळवून दिलं, आणि तिला स्वतःच्या वाटेने जायचं होतं तर तो ऐकूनच घेईना. मग 1973 मध्ये तिने हे गाणं लिहिलं आणि त्याच्या ऑफिसात जाऊन त्याला गाऊन दाखवलं. तो रडला आणि जा म्हणाला, हेही तिने मुलाखतींमधून कितीदा सांगितलंय. (पुढे 1979 मध्ये त्याने तिच्यावर 30 लाख डॉलरचा दावा लावला, ते वेगळं.)

आणि पडलं कुठे? 1974 मध्ये कंट्री चार्टवर पहिलं, 1982 मध्ये परत रेकॉर्ड केलं तर परत पहिलं.

बरं, एक मान्य करते. 1992 मध्ये व्हिटनीने ते गायलं, अमेरिकेत 14 आठवडे एक नंबरवर राहिलं, आणि ते झालं नसतं तर आपल्यातल्या बहुतेकांनी ते ऐकलंच नसतं. तिचा आवाज अफाट, वादच नाही. पण गाणं टिकलंय ते आतल्या मजकुरामुळे. जाणारी बाई तक्रार करत नाही, मी थांबले तर तुझ्या वाटेत येईन म्हणते आणि सुख चिंतून निघते. नोकरी सोडताना, गुरूपासून वेगळं होताना, कोणालाही ते आपलं वाटतं. 1974 चं रेकॉर्डिंग तीन मिनिटांचंही नाही, आत्या, ते ऐक, त्यात शुभेच्छांचं कडवं ती गात नाही, नुसतं बोलते.