घरपट्टी भरू नका म्हणणाऱ्याची पावती बघा

गेले काही दिवस वाडीवाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘करदात्यांनो, जागे व्हा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार चार वाक्यांत सांगता येतं. देशात दोन टक्के लोक कर भरतात, बाकीचे त्यांच्या जिवावर बसून खातात. कर कमी केले की सरकारचं उत्पन्न आपोआप वाढतं. आपले नेते काटकसरीचे, म्हणून तिजोरी शाबूत आहे. आणि ग्रामपंचायतीला वरून वित्त आयोगाचा रग्गड निधी येतो, तेव्हा घरपट्टी-पाणीपट्टी भरू नका, कोणी काही वाकडं करत नाही.

हा मेसेज आतेपर्यंत पोचला आणि तिने बिल देवळीत सारून ठेवलं. म्हणून हे लिहिणं आलं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो. बाकीचे नुसते चुकीचे आहेत, हा गावाचं पाणी तोडणारा आहे.

निधी येतो, हे खरं. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे घ्या. आपल्या राज्यात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी होती. पण त्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेच्या कामांनाच वापरायचे. उरलेले ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च भागवायला मनाई. थोडक्यात, या पैशातून पंप बसवता येतो, पण पहाटे नदीवर जाऊन तो पंप सुरू करणाऱ्या माणसाचा पगार देता येत नाही. तो पगार तुमच्या घरपट्टी-पाणीपट्टीतून जातो.

हिशेब मांडून बघा. समजा ६०० घरांचं गाव आहे. सरासरी घरपट्टी ५०० रुपये, म्हणजे ३ लाख. ४०० नळजोडण्या, वर्षाला १,२०० रुपये पाणीपट्टी, म्हणजे ४ लाख ८० हजार. एकूण मागणी ७ लाख ८० हजार. आता खर्च. दोन पंप ऑपरेटर महिना ९ हजारांवर, २ लाख १६ हजार. लिपिक आणि शिपाई महिना १० हजारांवर, २ लाख ४० हजार. पंपाची वीज महिना १५ हजार, म्हणजे १ लाख ८० हजार. पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर, व्हॉल्व्ह, पाइपाची गळती, मोटार रिवाइंडिंग मिळून ८० हजार. बेरीज ७ लाख १६ हजार. सगळ्यांनी सगळं भरलं तरी हातात ६४ हजार उरतात. तीस टक्के लोकांनी मेसेज ऐकला तर वसुली २ लाख ३४ हजारांनी घटते आणि खड्डा पडतो १ लाख ७० हजारांचा. जवळजवळ पंपाचं वर्षाचं वीजबिल.

हा खड्डा एका दिवसात दिसत नाही, म्हणूनच मेसेजवाल्यांचं फावतं. आधी टीसीएलची खरेदी पुढे ढकलली जाते, नेमकी पावसाळ्यात, जेव्हा नदीचं पाणी लाल असतं. मग गळका व्हॉल्व्ह रबराची पट्टी बांधून चालवतात. एप्रिल-मेमध्ये जॅकवेलची, म्हणजे पंप बसवलेल्या नदीकाठच्या विहिरीची, पातळी खाली जाते, मोटार पाण्याविना हवेवर फिरते, वाइंडिंग जळतं. दुरुस्तीवाला आधीची उधारी मागतो आणि गाव टँकरची वाट बघत बसतं. सगळ्यात शेवटी वीज. २०२१मध्ये महावितरणने थकलेल्या बिलांपायी गावोगावचे पथदिवे तोडले होते, ते इतक्यात विसरलात?

‘कोणी काही वाकडं करत नाही’ हे तर धडधडीत खोटं. आधी बिल, मग मागणी लेख, मग जप्ती, असा सरळ रस्ता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात १९५८पासून आहे. कोकणात जप्ती सहसा कोणी करत नाही, एवढं मान्य. सरपंचाला पुढच्या वेळी मतं हवी असतात आणि निम्मी घरं चाकरमान्यांची, कुलूपबंद. पण त्याच कायद्यात कलम १४(१)(ह) आहे, ते मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. कराचं बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत जो पैसे भरत नाही, तो पंचायतीचा सदस्य होऊ शकत नाही आणि असेल तर राहू शकत नाही. पुढचं स्पष्टीकरण आणखी कडक आहे. अविभक्त कुटुंबातल्या एकाने थकवलं तरी ते सगळ्या कुटुंबाला बाधतं.

आता आपल्याकडची घरं आठवा. नमुना ८वर, म्हणजे घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत, आजोबांचं नाव, आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, पुढे ‘व इतर’. चार चुलत भावांचं सामायिक घर, एक गावात, तीन मुंबईत. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने भरली असेल. मग त्यातल्याच कोणाच्या मुलाने निवडणुकीचा अर्ज भरला की विरोधक ही थकबाकी शोधून काढतात आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जातं.

हे कलम सगळ्यात पाठ कोणाला असतं? पुढाऱ्यांना. वर्षभर पारावर ‘पंचायत लुटते, एक पैसा देऊ नका’ म्हणणारा इच्छुक उमेदवार अर्ज भरायच्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या दारात पहिला उभा असतो. स्वतःची, बापाची, सामायिक घराची सगळी बाकी चुकती करून थकबाकी नसल्याचा दाखला खिशात घालतो. तुम्हाला ‘भरू नका’ आणि स्वतःला मात्र पावती. तेव्हा ज्याने हा मेसेज पाठवला त्याच्याकडे त्याच्या घराची यंदाची पावती मागा, तिला नमुना १० म्हणतात. दाखवत नसेल तर नमुना ९ची, म्हणजे मागणी नोंदवहीची, प्रत माहिती अधिकारात काढा. कोणाची मागणी किती, वसूल किती, बाकी किती, सगळं नावानिशी असतं.

आकारणी चुकीची असते, ही तक्रार मात्र खरी आहे. मांगर, म्हणजे गुरांचा गोठा, पडून पाच वर्षं झाली तरी त्याची पट्टी चालूच. त्यावर इलाज बिल थकवणं नव्हे. २०१५च्या दुरुस्तीपासून घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते. जागेचं क्षेत्र आणि दर, बांधकामाचं क्षेत्र आणि दर, बांधकामाच्या वयाप्रमाणे घसारा, म्हणजे किमतीतली घट, आणि वापर राहण्याचा की धंद्याचा. नमुना ८चा उतारा काढून एवढ्या गोष्टी ताडून बघा. साठ वर्षांच्या चिरेबंदी घराला घसाराच लावलेला नाही, पडवी दोनदा मोजली आहे, असल्या चुका सापडतात. लेखी हरकत द्या, पोच घ्या. (आणि नमुना ८ म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हेही जाता जाता.)

आता बाकीचे मुद्दे, झटपट.

दोन टक्के लोक कर भरतात. आयकरापुरतं हे जवळपास खरं आहे, नाइलाजाने मान्य. २०२२-२३ या आर्थिक वर्षात सुमारे ७.४ कोटी लोकांनी विवरणपत्रं भरली, त्यातल्या ५ कोटींहून जास्त लोकांना कर शून्य होता. पण मग २०२५च्या अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त करून हे भरणारे आणखी कमी कोणी केले? कर कमी केल्याचं कौतुकही घ्यायचं आणि न भरणाऱ्याला फुकटा म्हणून हिणवायचंही, हे एका तोंडाने जमत नाही.

शिवाय आयकर म्हणजे सगळे कर नव्हेत. समुद्रात जाणारी बोट बघा. मे २०२२ ते एप्रिल २०२५ या काळात डिझेलवर केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला १५ रुपये ८० पैसे होतं. ५०० लिटर भरले की ७,९०० रुपये कर, जाळ्यात बांगडा येवो नाहीतर नुसता कचरा. राज्याच्या कराचा परतावा मच्छीमाराला सोसायटीमार्फत मिळतो, तोही महिनोन्‌महिने रखडून. केंद्राचं शुल्क त्यात येत नाही. गंमत पुढेच आहे. त्या १५.८० पैकी राज्यांबरोबर वाटून घ्यायचं मूळ शुल्क होतं १ रुपया ८० पैसे. बाकीचा अधिभार आणि उपकर, सगळा दिल्लीचा. करकपातीचं भाषण करणाऱ्याला असा कर फार आवडतो, कारण त्याचं बिल तुमच्या नावाने येत नाही.

काटकसरी नेते. १६ जुलै २०२२ला बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी ‘रेवडी’ संस्कृतीवर, म्हणजे मतांसाठी फुकट वाटण्यावर, टीका केली. दोनच दिवसांनी, १८ जुलैला, छापील पिशवीतल्या तांदळावर ५ टक्के जीएसटी लागला. उकड्या तांदळाची दहा किलोची पिशवीसुद्धा सुटली नाही. डिसेंबर २०२२मध्ये देवेंद्र फडणवीसांनी विधानसभेत सांगितलं की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. दीड वर्षाने, निवडणुकीच्या तोंडावर, त्याच महायुतीने वर्षाला ४६ हजार कोटींची लाडकी बहीण आणली, मग प्रचारात दीड हजाराचे २,१०० कबूल केले. समोरच्या आघाडीने त्यावर ३,००० सांगितले. बायकांच्या हातात पैसे गेले याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती दुसऱ्याला देताना ‘रेवडी’ आणि आपण देताना ‘ओवाळणी’ म्हणण्याला. आणि माजी आमदाराला एका मुदतीवर महिना ५० हजार पेन्शन मिळते, २०१६पासून. ती देताना राज्य दिवाळखोरीत जात नाही.

कर कमी केला की उत्पन्न वाढतं, यावर फार वेळ घालवत नाही. २० सप्टेंबर २०१९ला गोव्यात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपन्यांचा कर २२ टक्क्यांवर आणला आणि वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी सोडावे लागतील हे स्वतःच सांगितलं. त्या वर्षी कंपनीकराची वसुली घटली, पुढच्या वर्षी आणखी घटली. त्यात कोविडचाही हात होता आणि नंतर वसुली वाढली, हेही खरं. पण ‘आपोआप’ काही झालं नाही.

तेव्हा आते, बिल देवळीतून काढ. ३० सप्टेंबरच्या आत भरलंस तर पाच टक्के सूट आहे. गणपतीला सगळे भाऊ घरी येतील तेव्हा प्रत्येकाकडून वाटा घे, आणि पावती नीट बघून घे, घर क्रमांक बरोबर लिहिलाय ना.