माथेरानचं इंजिन वळायचं कसं?

माथेरानच्या जुन्या वाफेच्या इंजिनावरचा लेख मनापासून आवडला. त्यात ही छोटी रेल्वे सुरू झाली ते १९०७ साल आलं, तिला पैसा पुरवणारे आदमजी पीरभॉय आले, पण एवढ्या अवघड वळणांवरून ते इंजिन जायचं कसं, तेवढं राहून गेलं.

जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने बनवलेल्या त्या चार इंजिनांना सहा-सहा चाकं. पुढचा आणि मागचा आस (दोन बाजूंची चाकं जोडणारा दांडा) पोकळ, आत दुसरा भरीव आस आणि दोघांच्या मध्ये गोल सांधा. त्यामुळे टोकाची चाकं वळणासरशी जराशी फिरायची, तरी जोर सहाही चाकांना मिळायचा. २ फुटी रूळ आणि २० फुटाला १ फूट चढ, तिथे दुसरं काय चाललं असतं!

माझे आजोबा नेरळला फायरमन होते. माथेरानच्या वाटेवरच्या वॉटर पाईप स्टेशनात पाणी भरताना ते आधी हाताच्या पाठीने आसाची पेटी, म्हणजे आसाचं टोक जिच्यात फिरतं ती, चाचपायचे, तापलीय का बघायला.

चारांपैकी एक इंग्लंडला गेलं, तिथल्या लोकांनी ते जिवापाड जपलं. इथे उभ्या इंजिनांच्या दांड्यांवर, सांध्यांवरसुद्धा ऑइलपेंट चढवतात. कृपा करून तिथे रंग नको, ग्रीस लावा.