तुझं तू बघ?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

चोपडा तालुक्यातलं जोडपं. बाई आठ महिन्यांचं लेकरू कडेवर घेऊन आत आली. "ताई, मूल बंद करायच्या ऑपरेशनसाठी माझं नाव लिहा." नवरा बाहेर निंबाखाली मोटरसायकलवर, मोबाइलमध्ये डोकं घालून. दोघांचं ठरलंय का, विचारलं. "ते म्हणतात, तुझं तू बघ."

लेकरं दोघांची आणि बंदोबस्त एकटीचा?

कायद्याने तिला नवऱ्याची सही लागत नाही, हे खरं. तिला मनापासून करायचं असेल तर तिने करावंच. पण ही बाई थकून आली होती, ठरवून नाही.

घरी पाळणा लांबवण्याचं किंवा थांबवण्याचं बोलायला बसाल तेव्हा साधनाच्या नावापासून सुरुवात करू नका. आधी हे ठरवा: मूल 'आता नको' की 'कधीच नको'? मग बाळ अंगावर पितंय का, पाळीत आधीच जास्त जातं का, नवरा सुरतला असतो आणि पंधरा दिवसांनी येतो का, रोजची गोळी आठवेल का. एवढं बोललात की निम्मी साधनं आपोआप गळतात.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पिणारं असेल तर माला-एन ही रोजची हार्मोनची गोळी नको, दूध कमी होतं. छाया गोळी चालते, तिच्यात हार्मोन नाही. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, पुढे आठवड्यातून एकदा. त्यातला एक बाजाराचा वार धरा, विसरत नाही. सुरतवाल्याने त्या दिवशी फोन करून विचारावं, "गोळी घेतली का?" एवढं तरी करा!

अंतराचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. टोचलेली जागा चोळायची नाही. पाळी पुढेमागे होते, ठिपके जातात, नंतर बंदही होते. हे नवऱ्याला आधी माहीत नसलं की दिवस गेले समजून घरात रामायण होतं. बंद केल्यावर पुन्हा दिवस राहायला सात ते दहा महिने जातात, म्हणून पाळणा लवकर हलवायचा असेल तर अंतरा नको.

कॉपर-टी, म्हणजे गर्भाशयात बसवायची तांबी. तिने पहिले तीन ते सहा महिने जास्त जातं, पोटात दुखतं. तक्रार खोटी नाही. पण ती पोटात वर चढते, हे खोटं. तिचे दोन प्रकार: ३८० ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं. पाळी गेल्यावर धागा लागतो का बघायचं, कारण सुरुवातीच्या महिन्यांत ती निसटू शकते.

आणि तो मोटरसायकलवरचा? निरोप पाठवल्यावर आला आत. भिंतीकडे बघत म्हणाला, "ऑपरेशन करं म्हणजे कमजोरी येस ना ताई?" केळीचे घड वाहणारा माणूस. राग तिथेच उतरला. भीती होती हो त्याला, आणि आजवर कोणी नीट सांगितलं नव्हतं.

पुरुषाची बिनटाका नसबंदी दहा-पंधरा मिनिटांची. जागा बधिर करतात, त्याच दिवशी घरी. दोन दिवस आराम, आठवडाभर घड उचलायचे नाहीत. ताकद, इच्छा सगळं तसंच, कारण बंद होते ती फक्त बीजाची नळी. पण नळीत पुढे बीज शिल्लक असतं! म्हणून तीन महिने निरोध वापरायचाच, मग वीर्य तपासून घ्यायचं. हे तीन महिने न पाळल्याने दिवस राहतात आणि संशय बायकोवर जातो. पुरुषाच्या हलगर्जीपणाची शिक्षा तिला. याच्याइतकी संतापाची गोष्ट दुसरी नाही.

सासूबाई म्हणतात, "घरच्या कर्त्याला नको." बाईच्या पोटावर टाके चालतात, ती काय घरची कर्ती नाही?

आज नाव कुणाचंच लिहिलं नाही. निरोधची पाकिटं त्याने स्वतःच्या खिशात ठेवली. ती लेकराचं टोपडं बांधत होती. त्याने विचारलं, "तपासणीले दोन्ही जणांनी येवानं का?"

हो. दोघांनी.