देशाला धक्का न लावता कसं बोलावं?

मत असणं हा आपल्याकडे अजून गुन्हा नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारं घटनेतलं कलम १९(१)(अ) शाबूत आहे. त्याला लागूनच १९(२) आहे, ज्यात तुम्हाला गप्प बसवण्याची कारणं दिली आहेत. पहिलं एका ओळीत आटोपतं. दुसरं लांब आहे आणि अधूनमधून वाढतंही. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मद्रास सरकारनं एका साप्ताहिकावर घातलेली बंदी उठवली. १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीत 'सार्वजनिक सुव्यवस्था' कारणांच्या यादीत येऊन बसली. १९६३ मध्ये सार्वभौमत्व आणि एकात्मता आली. तरीही ज्यांना बोलल्याशिवाय राहवतच नाही, त्यांच्यासाठी काही फुकटच्या सूचना देतो.

कुणी ऐकणार नाही असं बोला. ३१ ऑक्टोबर १९८४ ला, इंदिरा गांधींची हत्या झाली त्या दिवशी, चंडीगडमध्ये दोघा सरकारी नोकरांनी भर रस्त्यात खलिस्तानच्या घोषणा दिल्या. आजूबाजूच्या लोकांनी ढुंकूनही पाहिलं नाही. खालच्या कोर्टानं राजद्रोहात शिक्षा ठोठावली. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये दोघांना सोडलं, कारण कुणीही साथ न दिलेल्या चार घोषणांनी राज्य उलथत नसतं. निकाल चांगलाच आहे, बलवंत सिंग खटला म्हणून कुणालाही दाखवावा. आपण मात्र त्यातून व्यवहार शिकायचा. तुमचं बोलणं जितकं बिनकामाचं, तितकं ते सुरक्षित. शिवाय मधली दहा वर्षं कशी काढायची ते आधीच ठरवून ठेवा.

सरकारवर प्रेम करा. ते नसलं तरी अंगाशी येतं, असं न्या. स्ट्रॅची यांनी १८९७ मध्ये मुंबईत ज्युरीला समजावलं होतं आणि टिळकांना अठरा महिने झाले होते.

लाइक करताना अंगठा आवरा. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं नुसतं लाइक केलं होतं. त्यानंतर झालेल्या याचिकेत २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ हे कलमच घटनाबाह्य ठरलं. चर्चा वेगळी, समर्थन वेगळं, चिथावणी वेगळी, आणि कायद्यानं फक्त चिथावणीला हात लावावा, असं न्यायालयानं इतकं स्वच्छ लिहिलं की शाळेत शिकवावं. पोलीस ठाण्यांत मात्र हे कलम जिवंतच राहिलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याचा धक्का बसला आणि २०२२ मध्ये 'मेलेल्या कलमाखाली खटले चालवू नका' असं वेगळं सांगावं लागलं. तेव्हा निकाल लागला म्हणून पेढे वाटायची घाई करू नका. तो तुमच्या ठाण्यापर्यंत पोचलाय का, ते आधी विचारा. विचारताना आवाज खाली ठेवा.

राजद्रोहाची भीती सोडा. मे २०२२ मध्ये न्यायालयानं १२४अ गोठवलं आणि जुलै २०२४ पासून ते कायद्याच्या पुस्तकातूनही गेलं. त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १५२ आलंय. पूर्वी जन्मठेप किंवा तीन वर्षं होती, आता जन्मठेप किंवा सात. वसाहतवादी मानसिकतेतून मुक्ती म्हणतात ती हीच.

यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायदा, लागला तर जामिनाची घाई नको. आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले की जामीन नाही, आणि ते खरे वाटतात की नाही हे बघताना पुराव्याची फार चिकित्सा करायची नाही, असं २०१९ पासून ठरलेलं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आदेशाची प्रत मागू नका.

मी मागितली. मध्यंतरी आमच्याकडे एका मोर्चाच्या आदल्या रात्री इंटरनेट गेलं. पुढचं सांगत बसत नाही, तुमच्याकडेही कधी ना कधी गेलंच असेल. पुन्हा चालू झाल्यावर मी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवून माहिती अधिकारात अर्ज टाकला. विचारलं एवढंच, की बंदीचा आदेश कुणी काढला, कुठल्या नियमाखाली काढला, प्रत द्या. महिना सरता सरता उत्तर आलं. छापील मसुदा, गाळलेल्या जागी माझं नाव हातानं भरलेलं, आणि खाली एक ओळ: 'कलम ८(१)(क) अन्वये सदर माहिती देता येत नाही.' म्हणजे सार्वभौमत्व, एकात्मता आणि सुरक्षा. माझा फोन कुणी बंद केला हे मला कळलं, तर देशाची अखंडता जाते! बंद झालेला फोन अख्ख्या जिल्ह्यानं पाहिला, गुपित कसलं? आणि प्रत नाही तर आव्हान कशाला द्यायचं? वकिलाचा पहिला प्रश्न असतो, 'ऑर्डर कुठंय?'

हे मी माझ्या मनानं बोलत नाही. १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं अनुराधा भसीन खटल्यात हेच सांगितलं. इंटरनेटबंदीचे आदेश प्रसिद्ध करा, म्हणजे लोकांना कोर्टात जाता येईल. बंदी बेमुदत नको. उपाय धोक्याच्या प्रमाणात हवा. वाचताना ऊर भरून येतो. पण ज्या काश्मीरसाठी ही याचिका होती, तिथलं ऑगस्ट २०१९ मध्ये गेलेलं इंटरनेट चालू करा, असं त्या निकालानं सांगितलंच नाही. सरकारनं फेरविचार करावा, एवढंच. लोक पुन्हा न्यायालयात गेले, तेव्हा मे २०२० मध्ये समिती नेमली गेली. समितीवर कोण? केंद्रीय गृहसचिव, दूरसंचार सचिव आणि तिथले मुख्य सचिव. ज्यांनी कुलूप घातलं त्यांनाच विचारलं, 'बघा बुवा, किल्ली फिरवावीशी वाटते का?' मधल्या काळात मंद वेगाचं टूजी आलं होतं, पण सगळीकडे फोरजी द्यावंसं त्यांना वाटलं फेब्रुवारी २०२१ मध्ये. करोनातलं ऑनलाइन शिक्षण तिथल्या मुलांनी टूजीवर केलं. टूजीवर! आणि आपण याला म्हणायचं 'समतोल साधला.' कसला समतोल? एका पारड्यात वेठीला धरलेली माणसं आणि दुसऱ्यात सॉलिसिटर जनरलचा, म्हणजे सरकारच्या वकिलाचा, शब्द. तो शब्द कुणी तपासायचाच नाही!

आणि तपासायचा म्हटलं तर लिफाफा आहेच. केरळच्या 'मीडिया वन' वाहिनीचं प्रक्षेपण ३१ जानेवारी २०२२ ला बंद पाडलं. कारण विचारलं तर उत्तर सुरक्षा. सरकारनं उच्च न्यायालयात बंद लिफाफा दिला. आधी एका न्यायाधीशानं आणि मग खंडपीठानं तो वाचून मान डोलावली. वाहिनीच्या वकिलांना आपल्यावर आरोप काय, हेच माहीत नाही. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला तेव्हा कळलं की त्या गुप्त कागदांत नागरिकत्व कायदा, यूएपीए, चकमकी यांवरच्या वाहिनीच्या भूमिका होत्या. जे प्रेक्षकांनी घरी बसून पाहिलं होतं, ते गुप्त! सुरक्षेचा दावा हवेतून काढता येत नाही, असं न्यायालयानं सुनावलं. वर्ष उलटून गेल्यावर. बरं, ही वाहिनी होती. तिला वकील परवडले आणि मार्च २०२२ मध्ये स्थगितीही मिळाली. लिफाफा एखाद्या साध्या माणसाबद्दल असता तर?

शेवटची सूचना देणार होतो, पण आता पुरे झाल्या सूचना.

फौज कुठून कुठे हलते, कोणाच्या फोनवर पाळत ठेवून कट उधळला, हे कुणी चव्हाट्यावर मागत नाहीये. मागणं एवढंच, की सरकारनं 'सुरक्षा' म्हटलं की न्यायाधीशानं मान वर करून विचारावं: कुठला धोका, कशावरून, आणि यापेक्षा सौम्य उपाय का नाही? आणि उत्तर पटलं नाही तर त्याच तारखेला दिलासा द्यावा. नुसती तत्त्वं लिहून फाइल परत मंत्रालयात पाठवू नका. हे जमत नाही म्हणू नका. आणीबाणीत, १९७६ मध्ये, सेन्सॉरनं 'फ्रीडम फर्स्ट' मासिकाचे संपादक मिनू मसानी यांचा मजकूर अडवला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं सेन्सॉरला बजावलं होतं की सगळ्यांना एकाच सुरात गायला लावणं हे तुमचं काम नाही. त्याच वर्षी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी माणसाला बेकायदा डांबलं तरी दाद नाही असं ठरवलं, आणि एकट्या न्या. खन्नांनी विरोध नोंदवला. देश तोच, आणीबाणी तीच, पोथीही तीच होती. फरक खुर्चीतल्या माणसांत होता.

आणि तुम्ही, 'आपल्याला लपवायचंय काय?' म्हणणारे! तुमचं काही लपवायचं नाही ना? मग सरकारचं का लपवू देता? मोर्चा दुसऱ्या जातीचा, वाहिनी दुसऱ्या धर्माची, बंदी दुसऱ्या राज्यात, म्हणून इतकी वर्षं 'कडक भूमिका हवीच' म्हणत टाळ्या वाजवल्यात. परवा इंटरनेट बंद होऊन तुमचं यूपीआय अडकलं, तेही त्याच नियमाखाली अडकलं. तेव्हा मला फोन करून 'हे चालू कधी होणार रे' विचारत होतात. मला काय विचारता? आदेश मागा. लेखी मागा, नाही दिला तर अपील करा.